ड्रायव्हर कायमचा अडकू नये म्हणून काय करायचं: लिनक्स कर्नलमधे नव्यानं कोड लिहिणाऱ्यांसाठी

किल मायनस ९ मारलं तरी प्रोसेस मरत नाही, पीएस मधे तिच्यापुढं 'डी' हे अक्षर (म्हणजे सिग्नलनंही न उठणारी झोप) दिसतंय, लोड ॲव्हरेज चढत चाललाय पण सीपीयू मात्र निवांत, आणि शेवटी रीबूट करायला जावं तर तोही अर्ध्यात थांबतो. हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला ठाऊक असतं की वरच्या ॲप्लिकेशनला दोष देऊन उपयोग नाही. खाली कुठल्यातरी ड्रायव्हरमधे एक ओळ हार्डवेअरच्या उत्तराची वाट बघत बसलीय, आणि ते उत्तर आता येणार नाहीये.

मी लिनक्सबद्दलच लिहितोय कारण माझं रोजचं काम त्यातलं. पण मूळ विचार सगळीकडं तोच, विंडोजमधे ग्राफिक्स कार्डानं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर सिस्टिम स्वतःहून त्याला रीसेट करायला जाते, ती व्हिस्टापासूनची सोय याच दुखण्यावरची आहे. वाचायला एवढंच हवं की सी येतं आणि एखादं छोटं मॉड्यूल बनवून लोड करून पाहिलंय. फंक्शनची नावं इथं देवनागरीत लिहितोय, कोडमधे ती रोमन अक्षरांत आणि शब्दांमधे अंडरस्कोर लावून असतात.

ड्रायव्हरमधे जिथं जिथं वाट बघायची वेळ येते तिथं तीन प्रश्नांची उत्तरं आधी ठरवायची: जास्तीत जास्त किती वेळ थांबणार, तेवढ्यात काम झालं नाही तर काय करणार, आणि थांबलेलो असताना कुठलं लॉक धरून ठेवलंय. बहुतेक जण पहिला प्रश्न सोडवतात आणि पॅच पाठवून मोकळे होतात. खरा घोळ दुसऱ्यात आहे, म्हणून त्याच्यावर मी जास्त लिहिणारे.

पायरी १: आधी मुद्दाम हँग करून बघा

सुरुवात खऱ्या बोर्डावर करू नका. क्यूईएमयू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधे 'एज्यू' नावाचं एक पीसीआय डिव्हाइस येतं, चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक युनिव्हर्सिटीतल्या कर्नलच्या तासांसाठी ते बनवलं गेलं आणि शिकायला इतकं सोयीचं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. एका रजिस्टरमधे आकडा लिहिला की ते त्याचं फॅक्टोरियल काढतं. स्टेटस रजिस्टरचं सगळ्यात खालचं बिट १ असेपर्यंत हिशोब चालू आहे असं समजायचं, आणि त्याच रजिस्टरचं ८० हेक्सवालं बिट आधी लावून ठेवलं तर हिशोब संपल्यावर इंटरप्ट येतो.

आता गंमत अशी करा की ते ८० हेक्सवालं बिट लावूच नका, आकडा लिहा आणि सरळ 'वेट फॉर कम्प्लीशन' वर (काम झाल्याची खूण, म्हणजे 'कम्प्लीशन', मिळेपर्यंत झोपवणाऱ्या फंक्शनवर) जाऊन थांबा. हिशोब केव्हाच झालेला असेल, पण इंटरप्ट येणार नाही आणि तुमची प्रोसेस डी मधे जाईल. किल करून बघा, मॉड्यूल काढून बघा, काही म्हणजे काही होणार नाही. कर्नलमधे 'हंग टास्क' शोधणारा भाग चालू असेल तर १२० सेकंदांनी लॉगमधे तक्रार येते, सरावासाठी 'कर्नल डॉट हंग टास्क टाइमआउट सेक्स' ही सेटिंग २० वर आणा म्हणजे ताटकळावं लागणार नाही. त्या तक्रारीखाली जो स्टॅक छापला जातो तो नीट वाचा, तुमचं फंक्शन त्यात दिसेल. ही तक्रार ओळखता येणं हीच अर्धी लढाई आहे. अजून एक, ही तक्रार मूळ सेटिंगप्रमाणे १० वेळाच छापली जाते, त्यानंतर कर्नल गप्प होतो, म्हणून बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर लॉग शांत दिसला तरी सगळं ठीक आहे असं धरून चालू नका.

पायरी २: पोलिंगचे लूप

सगळ्यात जास्त हँग इथं होतात. 'बिझी बिट १ असेपर्यंत फिरत रहा' अशी एक ओळ, डेटाशीटमधे लिहिलेलं असतं की हे बिट काही मायक्रोसेकंदांत उतरतं, टेबलावरच्या बोर्डावर ते उतरतंही, आणि मग कुठंतरी व्होल्टेज डगमगलं की उतरत नाही.

लोक पहिला उपाय काय करतात, तर मोजणी लावतात, दहा लाख वेळा फिर आणि मग सोड. पण दहा लाख फेऱ्या म्हणजे किती वेळ? ते सीपीयूवर आणि बसवर अवलंबून, नवीन प्रोसेसरवर तोच कोड आधीच हार मानतो. त्यात अजून एक जुनी चूक लपलेली असते. 'व्हाइल टाइमआउट मायनस मायनस' असं लिहिलं आणि लूपच्या बाहेर 'टाइमआउट शून्य आहे का' असं तपासलं, तर लूप संपताना तो आकडा शून्याच्याही एक खाली गेलेला असतो, अनसाइन्ड असेल तर एकदम प्रचंड मोठा झालेला असतो, आणि तुमचा कोड अपयशाला यश समजून पुढं जातो. कर्नलमधे ही चूक कितीतरी ड्रायव्हर्समधून दुरुस्त केली गेलीय.

तर हातानं लूप लिहूच नका. 'आयओपोल' हेडरमधे 'रीडएल पोल टाइमआउट' आहे, त्याला पत्ता, व्हेरिएबल, अट, दोन वाचनांमधली झोप आणि एकूण मुदत द्यायची, दोन्ही वेळा मायक्रोसेकंदांत. अट पूर्ण झाली तर शून्य मिळतं, नाहीतर मायनस 'ईटाइम्डआउट'. स्पिनलॉक (ज्याची वाट न झोपता फिरत बघितली जाते ते लॉक) धरलेलं असेल किंवा इंटरप्ट हँडलरमधे असाल तर झोपता येत नाही, तिथं याचंच 'ॲटॉमिक' शेपूट असलेलं रूप वापरायचं आणि मुदत अगदी थोडी ठेवायची. रेगमॅप (रजिस्टर वाचायचा-लिहायचा कर्नलमधला सामाईक थर) वापरत असाल तर त्याचंही असंच एक आहे.

दोन गोष्टी नक्की ध्यानात ठेवा. या मॅक्रोला मुदत म्हणून ० दिलं तर त्याचा अर्थ 'थांबू नको' असा नसून 'कायम थांब' असा आहे. यूएसबीच्या 'कंट्रोल मेसेज' फंक्शनमधेही तसंच, ० म्हणजे अनंत. आणि दुसरं, हा मॅक्रो मुदत संपल्यावर रजिस्टर अजून एकदा वाचतो आणि मगच हार मानतो. ते का, हे समजून घ्या, कारण स्वतः लूप लिहिणारे हमखास इथं चुकतात: तुम्ही रजिस्टर वाचलं, बिट अजून बिझी होतं, आणि नेमकं तेव्हाच शेड्युलरनं तुम्हाला बाजूला करून दुसऱ्याला सीपीयू दिला, परत आलात तेव्हा मुदत उलटून गेलेली, पण मधल्या वेळात हार्डवेअरनं काम पूर्ण केलेलं. शेवटचं वाचन नसेल तर धडधाकट हार्डवेअरवर खोटा टाइमआउट येतो, तोही फक्त मशीनवर लोड असताना, आणि असला बग पकडायला आठवडे जातात.

कधी स्वतःच वेळ मोजायची वेळ आलीच तर जिफीजची (कर्नलचे टिक मोजणाऱ्या काउंटरची) तुलना साध्या 'मोठा-लहान' चिन्हानं करू नका, 'टाइम आफ्टर' वापरा. ३२ बिटांच्या मशीनवर एचझेड (सेकंदाला किती टिक) १००० असेल तर हा काउंटर साधारण ४९.७ दिवसांनी गुंडाळून परत शून्यावर येतो. असले बग लवकर उघडे पडावेत म्हणून कर्नल तो काउंटर मुद्दाम अशा आकड्यावरून सुरू करतो की बूटनंतर ५ मिनिटांतच तो एकदा गुंडाळला जातो, मला ही युक्ती फार आवडते.

मुदत किती ठेवायची? डेटाशीटमधला 'जास्तीत जास्त' वाला आकडा घ्यायचा, 'साधारण' वाला नाही, आणि त्याच्या काही पट. काही हार्डवेअर स्वतःच सांगतं, एनव्हीएमई एसएसडीच्या कंट्रोलरच्या कॅपॅबिलिटी रजिस्टरमधे ५०० मिलिसेकंदांच्या पटीत लिहिलेलं असतं की तयार व्हायला मला जास्तीत जास्त एवढा वेळ लागेल, असं असेल तर अंदाज कशाला बांधायचा. आणि एकूण बेरीज बघा. आतल्या फंक्शनमधे ५ सेकंद, वर ५ रीट्राय, त्याच्यावर अजून कोणीतरी ३ वेळा बोलावतंय, झाले ७५ सेकंद. कागदावर कुठंच अनंत नाही, पण समोर बसलेल्या माणसासाठी मशीन हँगच आहे.

पायरी ३: इंटरप्टची वाट

इथं नियम साधा, टाइमआउट नसलेलं 'वेट फॉर कम्प्लीशन' हार्डवेअरसाठी वापरायचं नाही, शेवटी 'टाइमआउट' असलेलं वापरायचं. घोळ रिटर्न व्हॅल्यूत होतो. हे फंक्शन मुदत संपली तर ० देतं, काम झालं तर उरलेले जिफीज देतं, निगेटिव्ह कधीच देत नाही, तेव्हा 'रिटर्न शून्यापेक्षा कमी असेल तर एरर' असं लिहिलंत तर ती एरर कधीच पकडली जाणार नाही. 'इंटरप्टिबल टाइमआउट' आणि 'किलेबल टाइमआउट' वाल्यांचं वेगळं, ते सिग्नल आल्यावर निगेटिव्ह देतात, मुदत संपल्यावर ०. तिन्ही शक्यता वेगवेगळ्या हाताळा.

मुदत जिफीजमधे असते, मिलिसेकंदांत नाही. 'एमसेक्स टू जिफीज' न लावता नुसतं ५०० लिहिलं तर एचझेड १००० वर ते अर्धा सेकंद, १०० वर ५ सेकंद. आणि प्रत्येक नव्या कमांडच्या आधी, म्हणजे हार्डवेअरला 'चल' म्हणायच्या आधी, 'रीइनिट कम्प्लीशन' करा. नंतर केलंत तर चपळ हार्डवेअरचा इंटरप्ट आधीच येऊन गेलेला असतो आणि तुम्ही तो पुसून टाकता.

किलेबल हा प्रकार २००८ च्या २.६.२५ मधे आला. वापरकर्ता रीड करून बसलाय आणि हार्डवेअरला खरंच मिनिटभर लागू शकतं अशा ठिकाणी तो वापरा, निदान किल केल्यावर माणूस सुटतो. पण लक्षात घ्या, प्रोसेस सुटली म्हणून हार्डवेअर सुटत नाही, आणि आता तेच.

पायरी ४: मुदत संपली, पुढं काय

इथं सावकाश वाचा. टाइमआउट लावला म्हणजे तुम्ही थांबणं सोडलं, पण समोरच्या डिव्हाइसला हे माहीत नाही. त्याला अजूनही वाटतंय की काम चालू आहे. तुम्ही मायनस ईटाइम्डआउट परत केलं, बफर फ्री केला, ती मेमरी कर्नलनं दुसऱ्या कुणाला दिली, आणि दोन सेकंदांनी जाग आलेलं डिव्हाइस डीएमए करून (म्हणजे सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत लिहून) त्याच पत्त्यावर डेटा ओततं. आता हँग नाही, आता दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत कचरा आहे आणि क्रॅश तिसऱ्याच ठिकाणी होणारे. हँग निदान जागच्या जागी दिसतो तरी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तसंच स्टॅकवरच्या कम्प्लीशनचं. फंक्शनच्या आत लोकल व्हेरिएबल म्हणून ते घेतलं, टाइमआउटवर फंक्शन परत गेलं, स्टॅकची ती जागा दुसऱ्या कॉलनं वापरली, आणि मग उशिरा आलेला इंटरप्ट हँडलर त्या जुन्या पॉइंटरवर 'कम्प्लीट' करतो. म्हणून ते ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमधे ठेवा.

माझा टाइमआउटनंतरचा क्रम असा असतो. सगळ्यात आधी स्टेटस रजिस्टर एकदा वाचतो, कारण कधी कधी काम झालेलं असतं, फक्त इंटरप्ट हरवलेला असतो. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हरही हेच करतो, मुदत संपली की आधी स्वतः क्यू तपासतो, उत्तर तिथं पडलेलं असेल तर तसं लॉगमधे लिहितो आणि काम पूर्ण झालं असं धरतो. तसं नसेल तर डिव्हाइसला थांबवायचं, म्हणजे ॲबॉर्टची कमांड द्यायची किंवा डीएमए बंद करायचा, आणि तो खरंच बंद झालाय का याचीही वाट बघायची, अर्थात मुदत लावून. पीसीआयवर लिहिलेलं मधेच बफरमधे रेंगाळू शकतं, म्हणून थांबवायचं बिट लिहिल्यावर त्याच डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचून घ्यायचं, मगच लिहिलेलं पोचलं म्हणायचं. मग 'सिंक्रोनाइझ आयआरक्यू', म्हणजे दुसऱ्या सीपीयूवर हँडलर चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबणं. आणि त्यानंतरच बफर फ्री.

थांबवूनही थांबत नसेल तर रीसेट. रीसेटनंही होत नसेल तर ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमधे 'हे डिव्हाइस मेलं' असा एक झेंडा लावा आणि यापुढच्या प्रत्येक कॉलला लगेच एरर द्या, नाहीतर प्रत्येक नवा वापरकर्ता पुन्हा तीच ३० सेकंद मुदत भोगत बसतो. तो बफर मग फ्री करू नका, गेला तर गेला. थोडी मेमरी वाया गेलेली परवडते, कुणाच्या फाइलमधे कचरा गेलेला परवडत नाही.

पायरी ५: लॉक धरून वाट बघणं

एका कामात आम्हाला बोर्डावरचा आयटूसी सेन्सर छळत होता (आयटूसी म्हणजे चिपांना जोडणारी दोन तारांची बस, एक तार डेटाची, एक घड्याळाच्या ठोक्यांची). वीजपुरवठा क्षणभर पडला की सेन्सर बाइट पाठवता पाठवता मधेच अडकायचा आणि डेटाची तार खाली ओढून धरायचा, ड्रायव्हर बस मोकळी व्हायची वाट बघत अनंत लूपमधे, आणि बसचं म्युटेक्स त्याच्याच हातात. त्याच बसवर तारीख-वेळ ठेवणारी चिप होती, तिचा ड्रायव्हर अडकला, मग त्या चिपमधून वेळ वाचणारी प्रत्येक प्रोसेस अडकली. बिघाड एका चिपचा आणि बोर्ड सगळा ठप्प. आयटूसीच्या मूळ नियमांत घड्याळाची तार किती वेळ धरून ठेवायची याला मर्यादाच नाही (तिच्यावर बेतलेल्या एसएमबसमधे आहे, २५ ते ३५ मिलिसेकंद), म्हणून मर्यादा ड्रायव्हरनंच घालावी लागते. आणि डेटाची तार अडकली तर घड्याळाच्या तारेवर ९ ठोके द्यायचे, अडकलेली चिप आपला बाइट संपवून तार सोडते. लिनक्समधे यासाठी 'आयटूसी रिकव्हर बस' तयार आहे, फक्त तुमच्या ड्रायव्हरनं ठोके कसे द्यायचे ते त्याला सांगायला लागतं. आम्ही मुदत आणि हे दोन्ही घातल्यावर तो त्रास गेला.

लॉकचे बाकीचे सापळे पटापट सांगतो. जे म्युटेक्स वर्क फंक्शन (कर्नलला नंतर चालवायला दिलेलं काम) घेतं तेच म्युटेक्स धरून 'कॅन्सल वर्क सिंक' बोलावलं तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. इंटरप्ट हँडलरच्या आतून स्वतःचाच 'डिसेबल आयआरक्यू' केला तर तो हँडलर संपायची वाट बघतो, म्हणजे स्वतःचीच, तिथं 'नोसिंक' वाला वापरा. हँडलर जे स्पिनलॉक घेतो ते बाहेर घेताना 'आयआरक्यूसेव्ह' वालंच घ्या, नाहीतर लॉक धरलेलं असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला की खेळ खलास. हे तिन्ही डोळ्यांनी शोधत बसायची गरज नाही, सरावाचा कर्नल 'प्रूव्ह लॉकिंग' आणि 'डीबग ॲटॉमिक स्लीप' हे दोन पर्याय चालू करून बनवा. पहिल्या पर्यायामागचा लॉक तपासनीस, लॉकडेप, तर प्रत्यक्ष डेडलॉक व्हायच्या आधीच, नुसत्या लॉक घेण्याच्या क्रमावरून ओरडतो. हे पर्याय न लावता कुणी ड्रायव्हर पाठवू नये असं माझं ठाम मत आहे.

पायरी ६: डिव्हाइस जागेवरच नसेल तर

पीसीआय कार्ड निघालं किंवा लिंक पडली की रजिस्टर वाचल्यावर साधारणपणे सगळीच्या सगळी बिटं १ मिळतात. आता तुमचा लूप 'बिझी बिट ० होईपर्यंत' असा असेल तर ते कधीच ० होणार नाही. उलट 'रेडी बिट १ होईपर्यंत' असा असेल तर लगेच यश, आणि तुम्ही नसलेल्या डिव्हाइसशी बोलत पुढं जाता. तेव्हा वाचलेल्या आकड्याची ३२ च्या ३२ बिटं १ असतील तर आधी 'डिव्हाइस गेलं का' हे तपासा. एज्यूमधे यासाठी छान रजिस्टर आहे, जे लिहाल त्याची सगळी बिटं उलटी करून परत देतं, त्यावर हा सराव करा.

आणि एक प्रकार असा की जिथं कुठलाच सॉफ्टवेअर टाइमआउट कामाचा नाही. मोबाइल आणि एम्बेडेडच्या बऱ्याच चिप्सवर एखाद्या ब्लॉकचं क्लॉक बंद असताना त्याचं रजिस्टर वाचलं तर बस उत्तरच देत नाही आणि सीपीयू त्या एका वाचनावर थिजतो. तुमचा लूप पुढच्या ओळीवर गेलाच नाही तर मुदत तपासणार कोण? इथं इलाज एकच, हात लावायच्या आधी पॉवर आणि क्लॉक चालू आहे याची खात्री. 'पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट' बोलवा आणि त्याचं उत्तर तपासा, न तपासता पुढं जाऊ नका. शेअर केलेल्या इंटरप्ट लाइनवर हे हमखास घडतं, इंटरप्ट शेजाऱ्याचा, पण तुमचा झोपलेल्या डिव्हाइसचा हँडलरही बोलावला जातो आणि तो निरागसपणे स्टेटस वाचायला जातो. याउपर हार्डवेअर वॉचडॉग (मशीन थिजलं की रीसेट करणारा टायमर) हवाच, तो ड्रायव्हरच्या शहाणपणावर अवलंबून नसतो.

पायरी ७: अडकलेलं सापडवणं

झोपलेली प्रोसेस अडकली असेल तर रूट होऊन तिच्या पीआयडीखालची प्रॉकमधली 'स्टॅक' फाइल वाचा, कुठल्या फंक्शनवर थांबलीय ते दिसतं. सगळ्या डी मधल्या प्रोसेस एकदम हव्या असतील तर प्रॉकमधल्याच 'सिसरिक्यू ट्रिगर' फाइलमधे 'डब्ल्यू' लिहा, फिरत राहिलेले सीपीयू बघायचे तर 'एल'. सॉफ्ट लॉकअपची तक्रार आली, मूळ सेटिंगमधे ती साधारण २० सेकंदांनी येते, तर समजा की कुणीतरी झोपत नाहीये, सीपीयू सोडत नाहीये, बहुधा स्पिनलॉक धरून पोलिंग चाललंय. हंग टास्कची आली तर कुणीतरी झोपलंय आणि उठवणारा आलेला नाही. दोन्ही तक्रारींत पाणी वेगवेगळ्या ठिकाणी मुरत असतं, म्हणून आधी कुठली आहे ते बघा, मग कोड उघडा.

आणि बरेच हँग एकमेकांच्या मागं लागलेले असतात. प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) अडकला की त्या डिव्हाइसचं लॉक अडकतं, मग अनबाइंड अडकतं, सस्पेंड अडकतं, शटडाउन अडकतो. लॉगमधे १० प्रोसेस दिसल्या तर त्यातल्या ९ म्युटेक्सवर थांबलेल्या असतील, तुम्हाला ती एक शोधायचीय जी म्युटेक्सवर नाही तर हार्डवेअरवर थांबलीय.

शेवटचं काम, तुमच्या टाइमआउटच्या प्रत्येक जागी लॉगमधे नुसतं 'टाइमआउट' असं लिहू नका. कुठली कमांड होती, किती मिलिसेकंद थांबलो, आणि त्या क्षणी स्टेटस रजिस्टरमधे काय होतं हे तिन्ही छापा, 'रेटलिमिटेड' वालं प्रिंट वापरून, म्हणजे लॉग भरून वाहणार नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी लांबच्या गावातून लॉगचा एक स्क्रीनशॉट पाठवेल, तेव्हा बोर्ड तुमच्या हातात नसेल, ती एक ओळच असेल.